पहिली लाइव्ह पोकर स्पर्धा: ऑनलाइन खेळणाऱ्याने काय बदलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामायिक, आणि किती लावायचं याला मर्यादा नाही असा पोकर) काही वर्षं नियमित खेळून झालंय, शक्यतांचं गणित पक्कं आहे, आता पहिल्यांदाच समोरासमोर बसून स्पर्धा खेळायची आहे. टेबलावर हसं होऊ नये म्हणून काय माहीत असावं, समोरच्याचा चेहरा वाचता येतो का, खेळ कितपत बदलावा, आणि लवकर बाद झालो तर पुन्हा पैसे भरून बसावं का? मी बरीच वर्षं अशा स्पर्धा खेळतोय. मधला काही काळ डीलर म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलोय. त्यामुळे दोन्हीकडून दिसलेलं सांगतो.

आधी वेगाचं बोलू, कारण बाकीचं बरंचसं त्यातून निघतं. लाइव्ह टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. पत्ते पिसायचे, वाटायचे, चिप्स मोजायच्या, त्यात कुणी एखाद्या कॉलवर, म्हणजे समोरच्याने लावली तेवढी रक्कम भरावी का यावर, दोन मिनिटं विचार करत बसतो. ऑनलाइन एकाच टेबलावर याच्या दुपटीहून जास्त डाव सहज होतात, आणि तुम्ही बहुधा दोन-तीन टेबलं एकदम उघडत असाल. ब्लाइंड म्हणजे दर डावात दोघांना सक्तीने लावाव्या लागणाऱ्या छोट्या-मोठ्या (स्मॉल आणि बिग) रकमा, त्या दर लेव्हलला चढतात. इथे ब्लाइंडची लेव्हल ३० मिनिटांची असेल तर एका लेव्हलमध्ये १३-१४ डाव मिळतात. नऊ जणांच्या टेबलावर ही जेमतेम दीड फेरी झाली. पाचातला एक डाव खेळण्याजोगा धरला तरी लेव्हलभरात तुम्ही तीनदा पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेसाठी, उतरणार. उरलेल्या दहा-अकरा डावांत पत्ते टाकून नुसतं बसायचं असतं. लाइव्ह स्पर्धेत कोण पुढे जातो हे माझ्या मते या बसून काढलेल्या डावांत ठरतं. नवखा माणूस तेवढ्या वेळात फोन काढतो आणि त्याच्या शेजारचा टेबल बघत असतो. दोघांना सारखेच पत्ते आले तरी तासाभराने दोघांकडची माहिती सारखी राहत नाही.

नाव नोंदवण्याआधी स्पर्धेचा तक्ता मागून घ्या. सुरुवातीच्या चिप्स किती, लेव्हल किती मिनिटांची, ब्लाइंड कसे चढतात, उशिरा नोंदणी कुठल्या लेव्हलपर्यंत, एवढं त्यात असतं. प्रवेश शुल्कातला किती भाग बक्षिसात जातो आणि किती आयोजक ठेवतो तेही बघा. वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या १०,००० डॉलरच्या मेन इव्हेंटमध्ये अलीकडे ६०,००० चिप्स देतात, ब्लाइंड १००/२०० पासून सुरू होतात आणि लेव्हल दोन तासांची असते. म्हणजे हातात ३०० बिग ब्लाइंड आणि भरपूर वेळ. एका दिवसात संपणाऱ्या छोट्या स्पर्धेत एवढी ऐसपैस जागा मिळत नाही, म्हणून तिथे वाट बघत बसण्याचा खेळ चालत नाही. आणि बक्षीस साधारण १० ते १५ टक्के खेळाडूंनाच मिळतं. बाकीचे सगळे रिकाम्या हाताने उठतात, कितीही चांगले खेळले तरी. गेले तर चालतील असेच पैसे घेऊन बसा. तुमच्या भागात कायद्याने हे चालतं का, हेही आधी बघून घ्या.

आता हसं होण्याचं. त्याची भीती बाळगू नका, पण काही नियम बोटांना सवयीचे झालेले हवेत, कारण इथे बटण दाबायचं नसतं. चिप्स तुम्ही ढकलता आणि त्या कशा ढकलल्या त्यावरून तुमची चाल ठरते. बहुतेक ठिकाणी टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे नियम किंवा त्यांच्याच धर्तीवरचे नियम चालतात. ही संघटना २००१ मध्ये सुरू झाली. त्याआधी प्रत्येक खोलीचे नियम वेगळे असायचे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. ब्लाइंड १,०००/२,००० आहेत. तुमच्या आधीच्या खेळाडूने ५,००० पर्यंत रेज केली आहे, म्हणजे रक्कम वाढवली आहे. तुमच्याकडे राजांची जोडी आहे, तुम्ही २५,००० ची एकच चिप उचलता आणि काही न बोलता पुढे टाकता. तुमच्या मनात मोठी रेज आहे. डीलर मात्र २०,००० सुटे करून परत देईल, कारण समोर बेट (कुणी लावलेली रक्कम) असताना न बोलता टाकलेली एक मोठी चिप म्हणजे कॉल. हेच फ्लॉपनंतर (टेबलावरचे पहिले तीन सामायिक पत्ते उघडल्यावर), अजून कुणी बेट केलेली नसताना केलंत, तर ती पूर्ण २५,००० ची बेट धरली जाते. एकापेक्षा जास्त चिप्स टाकल्या तरी घोळ होतो. समोर ६,००० असताना ५,००० च्या दोन चिप्स मुकाट्याने टाकल्या तर तोही कॉलच, कारण त्यातली एक काढली तर कॉलपुरतेही उरत नाहीत. म्हणून आधी तोंडाने बोला, मग चिप्सना हात लावा. ‘रेज, बारा हजार’ असं आकड्यासकट सांगून टाका. आपल्या पाळीला बोललेला शब्द बांधील असतो, आणि त्यानंतर चिप्स कशाही पडल्या तरी वाद होत नाही. ‘कॉल... आणि वर आणखी’ असं मात्र नको. पहिला शब्द कॉल, तर कॉलच.

किमान रेजचा हिशेब ऑनलाइन संगणक करतो, इथे तुम्हालाच करायचा आहे. २,००० च्या बिग ब्लाइंडवर ५,००० पर्यंत रेज झाली म्हणजे वाढ ३,००० ची. पुढची रेज किमान तेवढीच वाढवणारी, म्हणजे ८,००० पर्यंत हवी. पॉटही स्वतःच मोजत राहावा लागतो. नो-लिमिटमध्ये पॉट किती झाला हे डीलरने सांगणं अपेक्षित नसतं. वरच्याच उदाहरणात बिग ब्लाइंडने नुसता कॉल केला आणि बाकीचे गेले, तर दोघांचे पाच-पाच हजार, स्मॉल ब्लाइंडचे एक हजार आणि बिग ब्लाइंडने सगळ्यांच्या वतीने भरलेली २,००० ची अँटी (ब्लाइंडखेरीजची सक्तीची रक्कम), असे १३,००० झाले. जे डाव तुम्ही टाकले आहेत त्यांतही ही बेरीज मनात चालू ठेवा. दोन तासांत ती आपोआप व्हायला लागते.

समोरच्याने ‘ऑल-इन’ (सगळ्या चिप्स लावल्या) म्हटलं की कॉल करण्याआधी डीलरला रक्कम मोजायला सांगा. हा तुमचा हक्क आहे आणि यात कुणालाच काही गैर वाटत नाही. अंदाजाने ‘कॉल’ म्हणालात आणि ढिगाच्या मागे मोठ्या चिप्स निघाल्या, तर बहुतेक ठिकाणी पूर्ण रक्कम भरावी लागते. त्याच कारणाने तुमच्याही मोठ्या किमतीच्या चिप्स सगळ्यांना दिसतील अशा पुढे ठेवा. चिप्स वीस-वीसच्या गठ्ठ्यांत रचल्या की तुम्हालाही चटकन मोजता येतात. ऑल-इन तोंडाने म्हणणं किती वजनदार असतं ते सांगणारी एक गोष्ट खेळाडूंमध्ये कायम सांगितली जाते. १९८२ च्या मेन इव्हेंटमध्ये जॅक स्ट्रॉस सगळ्या चिप्स हरला असं वाटलं, पण त्याच्यासमोर एक चिप राहून गेली होती. त्याने ‘ऑल-इन’ हा शब्द उच्चारला नव्हता, म्हणून त्याला त्या चिपवर खेळू दिलं. पुढे ती स्पर्धा त्यानेच जिंकली.

डीलरच्या खुर्चीतून मला सगळ्यात जास्त वाईट वाटायचं ते उघड्यावर पडलेल्या पत्त्यांचं. डीलरच्या लगत बसलेल्या खेळाडूचे पत्ते टाकलेल्या पत्त्यांच्या अगदी जवळ असतात. डीलरचा हात सवयीने फिरतो आणि एका झटक्यात ते त्यात मिसळून जातात. नियमानुसार पत्ते राखायची जबाबदारी खेळाडूची, त्यामुळे तो डाव मेला. पत्त्यांवर एक चिप किंवा कुठलीही छोटी जड वस्तू ठेवायची सवय करा. शोडाउनला, म्हणजे शेवटी पत्ते उघडून निकाल लावतानाही हेच. जिंकायचं असेल तर दोन्ही पत्ते सरळ करून टेबलावर ठेवा, आणि डीलर पॉट तुमच्याकडे सरकवेपर्यंत त्यांना तिथून हलवू नका. समोरचा ‘माझा फ्लश’ (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) म्हणाला म्हणून वैतागून पत्ते फेकणारे मी कितीतरी पाहिले आहेत. तोंडाने काय सांगितलं याला शोडाउनला अर्थ नसतो, उघडे पत्ते काय सांगतात ते खरं. आणि कधी वाटलं की डीलरची गल्लत होतेय, तर आवाज न चढवता ‘फ्लोअर’ म्हणा. पर्यवेक्षक येऊन निर्णय देतो, तो मान्य करायचा. डाव चालू असताना आपल्या टाकलेल्या पत्त्यांबद्दल बोलायचं नाही, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही आणि आपल्या पाळीआधी काही करायचं नाही. एवढं जमलं तर पहिल्याच दिवशी टेबलावरचे लोक तुम्हाला जुना खेळाडू समजतील.

चेहरा वाचण्याबद्दल लोकांच्या फार मोठ्या अपेक्षा असतात. मी उलट क्रमाने जातो. आधी बेट, मग वेळ, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. एखादा माणूस चांगल्या पत्त्यांवर तिप्पट आणि साधारण पत्त्यांवर दुप्पट रेज करतो हे एकदा लक्षात आलं, तर त्याच्या भुवया बघायची गरज काय? शोडाउनला पत्ते उघडले की तो डाव मनात उलटा चालवा: रिव्हरला (पाचव्या उघड्या पत्त्याला) त्याने एवढी बेट केली, टर्नला (चौथ्याला) चेक केलं होतं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली होती, फ्लॉपला कॉल, आणि निघालं काय, तर मधली जोडी. ही माहिती तुम्हाला फुकट मिळाली आहे. एका लेव्हलमध्ये असे दोन-तीन शोडाउन नीट पाहिलेत तर टेबलावरच्या निम्म्या माणसांची ओळख पटते.

शरीराच्या खुणांपैकी ज्यांवर मी भरवसा ठेवतो त्या अगदी थोड्या. चिप्स पुढे करताना नवख्या माणसाचे हात थरथरायला लागले, तर तो घाबरलाय असं समजून कॉल करू नका. बहुतेकदा त्याला जबरदस्त पत्ते लागलेले असतात आणि ती थरथर उत्तेजनेची असते. तुम्ही बेट करणार इतक्यात जो चिप्सकडे हात नेऊन ‘मी तयार आहे’ असं दाखवतो, त्याला सहसा तुम्ही चेक करावं असं वाटत असतं. तिसरी खूण सगळ्यात उपयोगाची आणि सगळ्यात दुर्लक्षित: तुमच्या डावीकडचे दोघं-तिघं. पुष्कळ जण पत्ते मिळताच बघतात आणि टाकायचे असतील तर ते फेकायच्या पकडीत हातात धरून बसतात. बटणाच्या जागी (जिच्या डावीकडे दोन्ही ब्लाइंड भरणारे असतात) बसून तुम्ही रेज करून, सगळ्यांना पत्ते टाकायला लावून ब्लाइंड चोरायचा विचार करत असाल आणि डावीकडचे दोघंही पत्ते फेकायच्या तयारीत दिसत असतील, तर ती चोरी जवळजवळ झालेलीच आहे. हे दिसण्यासाठी तुमचे पत्ते तुमची पाळी आल्यावरच बघा. तोवर नजर इतरांवर. फ्लॉप उघडतानाही तसंच करा. फ्लॉप कुठे पळून जात नाही, तो दोन सेकंदांनी बघितला तरी चालतो. पण तो बघताना समोरच्याची झालेली प्रतिक्रिया पुन्हा दिसत नाही.

तुमच्या स्वतःच्या खुणा लपवायला गॉगल किंवा दगडी चेहरा लागत नाही, ठरलेला क्रम लागतो. पाळी आली, पत्त्यांचा कोपरा हाताच्या आडून उचलून बघितला, मनात तीनपर्यंत मोजलं, मग चाल केली. एक्क्यांची जोडी असो की सात-दुरी, क्रम तोच. कानात हेडफोन घालून बसू नका, निदान पहिल्या स्पर्धेत तरी. कुणी हळू आवाजात ‘रेज’ म्हटलेलं ऐकू आलं नाही आणि तुम्ही कॉल समजून चिप्स टाकल्या, की मनस्ताप होतो. फोनवर शक्यतांचे तक्ते बघणं टेबलावर चालत नाही, आणि हातात पत्ते असताना तर फोनला हातच लावू नये.

खेळ कितपत बदलायचा हे तुमच्या स्टॅकवर, म्हणजे समोरच्या चिप्सच्या साठ्यावर ठरतं. सुरुवातीला ३०,००० चिप्स आणि १००/२०० ब्लाइंड असतील तर तुमच्याकडे १५० बिग ब्लाइंड आहेत. या टप्प्यात लाइव्ह टेबलावर लोक फार कॉल करतात, चार-चार जण फ्लॉप बघतात. अशा वेळी ऑनलाइन शिकलेले बारीक ब्लफ बाजूला ठेवा. चांगले पत्ते आले की मोठी बेट करा, लोक पैसे देतात. जो माणूस पत्ते टाकतच नाही त्याला ब्लफ करणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं.

काही तासांनी तेच ३०,००० तुमच्यासमोर तसेच आहेत, पण ब्लाइंड १,०००/२,००० झाले आहेत. आता तुमच्याकडे १५ बिग ब्लाइंड. दर डावात पत्ते बघण्याआधीच ५,००० पॉटमध्ये पडलेले असतात, म्हणजे एक फेरी नुसती बसून काढायला ५,००० लागतात. सहा फेऱ्यांचा शिधा तुमच्याकडे आहे. नऊ जणांत सहा फेऱ्या म्हणजे ५४ डाव, जवळजवळ दोन तास. प्रत्यक्षात तेवढेही नाहीत, कारण दरम्यान ब्लाइंड दोन-तीनदा चढतील. उलट बाजूने बघा: सगळ्यांनी पत्ते टाकले आणि ते ५,००० तुम्ही न लढता उचलले, तर स्टॅक एका फटक्यात सहाव्या हिश्श्याने वाढतो. म्हणून या टप्प्यावर ‘चांगले पत्ते येतील’ म्हणून थांबणारा माणूस हळूहळू विरघळत जातो. आधी थोडी रेज झाली असेल आणि करणारा माणूस ढिला, म्हणजे साधारण पत्त्यांवरही उतरणारा असेल, तर १५ ब्लाइंडचं ऑल-इन हे उत्तम हत्यार आहे. स्टॅक दहा ब्लाइंडच्या खाली गेला की छोटी रेज करून नंतर पत्ते टाकणं परवडत नाही. तिथे ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं).

जिथे स्पर्धा रोखीच्या खेळापासून (जिथे चिप म्हणजे थेट पैसे) खरी वेगळी होते ती जागा म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावरचा बबल. इथे प्रत्येक टेबलावर एकाच वेळी एकेक डाव खेळवतात, म्हणजे मुद्दाम वेळ काढण्याचा फायदा कुणाला होत नाही. या टप्प्यावर चिप्सची किंमत पैशांत सरळ उतरत नाही. तिघंच उरलेत असं समजा. बक्षिसं १०० पैकी ५०, ३० आणि २०. तिघांकडे चिप्सही ५०, ३० आणि २० टक्के. कुणाला सरासरी किती मिळेल याचा आयसीएम पद्धतीने (चिप्सच्या वाट्यावरून प्रत्येक क्रमांकाची शक्यता धरून) हिशेब केला तर ५० टक्के चिप्सवाल्याच्या वाट्याला सुमारे ३८.४ येतात आणि २० टक्केवाल्याला सुमारे २८.९. म्हणजे जिंकलेली चिप हरलेल्या चिपेपेक्षा स्वस्त असते. पैशाच्या जवळ असताना मध्यम स्टॅकने मोठ्या स्टॅकशी भिडू नये याचं कारण हेच. मोठा स्टॅक असेल तर त्याच मध्यम स्टॅकवाल्यांवर दबाव टाका, ते पत्ते टाकतात. सॅटेलाइट स्पर्धेत, म्हणजे मोठ्या स्पर्धेचं तिकीट जिंकण्याच्या स्पर्धेत, तर सगळ्या विजेत्यांना एकसारखं तिकीट मिळतं. तिथे तुमची जागा जवळजवळ नक्की असताना एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणं बरोबर ठरू शकतं.

नशिबाबद्दलही एक आकडा लक्षात असू द्या. तुम्ही तीनदा ऑल-इन केलंत आणि तिन्ही वेळा तुमची बाजू ८० टक्के होती, तरी तिन्ही जिंकण्याची शक्यता ५१ टक्क्यांच्या आसपासच राहते. एक्के घेऊन राजांच्या जोडीसमोर बाद होणं हा अन्याय नव्हे. रोज कुठे ना कुठे ते घडतं. म्हणूनच न भिडता उचललेल्या छोट्या पॉटना मी इतकं महत्त्व देतो.

शेवटच्या टेबलावर पोचलात आणि कुणी बक्षीस वाटून घेण्याचा प्रस्ताव ठेवला, तर घाई करू नका. वरच्याच तिघांचं उदाहरण घ्या. प्रत्येकाला तिसऱ्या क्रमांकाचे २० देऊन उरलेले ४० चिप्सच्या प्रमाणात वाटले, तर ४०, ३२ आणि २८ अशी वाटणी होते. आयसीएमने ती साधारण ३८.४, ३२.७ आणि २८.९. मोठ्या स्टॅकवाला पहिली पद्धत सुचवणार हे उघड आहे. फ्लोअरला दोन्ही आकडे काढायला सांगा, मग हो किंवा नाही म्हणा. ‘नाही’ म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

राहिला पुन्हा पैसे भरून बसण्याचा प्रश्न. किती वेळा भरायचं हे घरून ठरवून निघा, कारण बाद झाल्यानंतरच्या पाच मिनिटांत कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. ठरवलेल्या रकमेत बसत असेल आणि तुम्ही पहिल्या दोन-तीन लेव्हलमध्येच बाद झाला असाल, तर खुशाल पुन्हा बसा. तेव्हा मिळणारा स्टॅक अजून ऐंशी-शंभर ब्लाइंडचा असतो. नोंदणी बंद होण्याच्या तोंडाशी मात्र तेवढ्याच पैशांत १५ ब्लाइंड मिळतात. अनुभवी लोक जाणूनबुजून त्या वेळी येतात, कारण १५ ब्लाइंडने कसं खेळायचं हे त्यांना पाठ असतं. तुमच्या पहिल्या स्पर्धेत मी तो सल्ला देणार नाही. त्यापेक्षा कठड्याबाहेर उभे राहून, ज्या टेबलावरून उठलात तेच टेबल अर्धा-पाऊण तास बघा. कोण किती रेज करतो, शोडाउनला काय निघतं, हे तिथूनही दिसतं. चालू डावाबद्दल बाहेरून एक शब्द बोलायचा नाही, एवढं पाळलंत की तुम्हाला कुणी हटकणार नाही.